गावच्या मातीच्या धरणाला सुरक्षेच्या पाहणीत ‘वर्ग २’ दिलाय, म्हणजे ते फुटणार का?

लगेच फुटेल असं नाही. वर्ग १ म्हणजे धरण फुटू शकेल असे दोष, वर्ग २ म्हणजे तातडीनं दुरुस्ती हवी असे मोठे दोष आणि वर्ग ३ म्हणजे किरकोळ. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगडात मेघोलीचा छोटा तलाव २०२१ मध्ये फुटला, म्हणून निवांत राहू नका. भरावाच्या खालच्या अंगाला, विशेषतः विमोचकाच्या (पाणी सोडायच्या) नळीजवळ, पाझर बघा. स्वच्छ पाणी कमी काळजीचं. गढूळ आलं तर आतली माती वाहतेय, त्याच दिवशी शाखा अभियंत्याला कळवा. भरावावरची झाडं, खेकड्यांची बिळंही दाखवा. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, मोकळा आहे ना? मातीच्या भरावावरून पाणी गेलं की तो टिकत नाही.