दोघांचा मे महिना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

निकाल लागले, तू शिकवतोस ती शाळा सुटली आणि थोरल्या पोराचीही. सूनबाईंची बँक मात्र चालूच. म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा घर तुझ्या एकट्याच्या अंगावर. दोन्ही पोरांचं मिळून एक वेळापत्रक लिहून दे म्हणालास. ते देत नाही, कारण ते दोन दिवसांत मोडेल. सहा वर्षांच्या पोराला दिवसभर काहीतरी काम हवं असतं. सव्वादोन वर्षांच्या पोरीला झोप हवी, पाणी हवं आणि सतत कुणाची तरी राखण हवी. एकाच्या मापानं दुसऱ्याचा दिवस बेतलास की दोघंही किरकिरतात, आणि मग आपण म्हणतो पोरं हट्टी झाली.

आधी ऊन. कोल्हापुरात पारा चाळिशीला क्वचितच टेकतो, म्हणून आपण उन्हाला हलक्यात घेतो. पण मेमध्ये हवेत दमटपणा चढत जातो, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. म्हणून बाहेर जे काही करायचं ते सव्वासहा ते साडेआठमध्ये. रंकाळ्याचा पदपथ किंवा विद्यापीठाचा परिसर, कुठंही जा. थोरल्याला पळू दे, धाकटीला तिच्या चालीनं खडे वेचत चालू दे. दोघांना एका वेगानं चालवायचा नाद सोड. अंबाबाईला जायचं तर तेही सकाळीच. दुपारी आवारातली फरशी अनवाणी पावलांना चटका देते आणि धाकटीला कडेवर घेऊन तू रांगेत अडकतोस. गाडीवरून नेताना ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा लागतो, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा केंद्राचा नियम आहे. नियम नसता तरी धाकटीला पुढं उभी करू नकोस म्हणूनच सांगितलं असतं.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर थोरला धारोष्ण दुधाचा पेला मागणार. म्हशीची धार समोर काढून देतात, गंमत खरी आहे. पण कच्च्या दुधातले जंतू मोठ्यांना पचले तरी लहान पोरांच्या पोटाला झेपत नाहीत. दोघांसाठी दूध घरी आणून उकळ. थोरल्याला तिथं म्हैस बघू दे, धार कशी काढतात ते बघू दे, तेवढं पुष्कळ झालं.

माठाचं सांगते. नवा माठ चोवीस तास पाण्यात बुडवून ठेव, पहिलं भरलेलं पाणी टाकून दे. धुताना साबण लावू नकोस, मातीत मुरतो आणि पाण्याला वास येतो. काथ्यानं घासलास की झालं. तिवईवर, वारं लागेल अशा कोपऱ्यात ठेव. बंद मोरीत ठेवलेला माठ गार होत नाही, कारण बाहेर पाझरलेलं पाणी वाफ होऊन गेलं तरच आतलं निवतं. मेच्या अखेरीला हवा दमट झाली की माठ रुसल्यासारखा वाटतो, त्याचं कारणही हेच. पेला हातानं आत बुडवायचा नाही. तोटीचा माठ घे, नाहीतर लांब दांड्याचा डाव ठेव. थोरला तहान लागली की स्वतः घेईल. धाकटी मागत नाही, खेळात विसरते. तिला दर तासाला चार घोट आपणहून पाजायचे. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. सहा तास लघवीच झाली नाही तर तिला डॉक्टरांकडं न्यायचं, घरगुती उपाय करत बसायचं नाही.

कूलर लावत असाल तर समोरची एक खिडकी उघडी ठेवा. खोली बंद करून कूलर चालवला की तासाभरात चिकचिक होते. त्याचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करायची. डेंगूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आता दुपार. सगळा दिवस धाकटीच्या झोपेवर उभा आहे. साडेअकराला जेवण, साडेबाराला झोप, आणि जास्तीत जास्त तीनला जाग. चारपर्यंत झोपू दिलीस तर रात्री साडेदहाला ती उड्या मारत असेल आणि सूनबाई पेंगत असतील. पूर्वेकडचे पडदे सकाळी ऊन यायच्या आधीच ओढ, पश्चिमेकडचे दुपारी बारापर्यंत. ऊन आत आल्यावर ओढून उपयोग नाही. रात्री सगळं उघड.

त्या वेळात थोरल्याला जबरदस्तीनं झोपवू नकोस. सहा वर्षांच्या पोराला दुपारी झोप येईलच असं नाही, आणि त्याच्याशी हुज्जत घालताना तुझाच आवाज धाकटीला उठवतो. अर्धा तास नुसतं पडून राहायचं, एवढीच अट घाल. मग त्याला दुसऱ्या खोलीत चटई टाकून दे. पट आणि फोडलेले चिंचोके, सागरगोटे, चित्रांची पुस्तकं. काचापाणी नको, बांगडीचा एक तुकडा फरशीवर राहिला तर धाकटीच्या पायात जायचा. चिंचोके आणि गोटे मोजून डब्यात भरल्याशिवाय खेळ संपला असं मानायचं नाही. ते काम त्याचं. धाकटी जे सापडेल ते तोंडात घालते, हे त्याला एकदा नीट समजावून सांग, तो तुझ्यापेक्षा कडक पहारा देईल. त्याला मोबाइल दिलास तर दुपार शांत जाते, पण तीन वाजता धाकटी उठते, तिलाही तोच हवा असतो, आणि पुढचा तास रडारडीत जातो. द्यायचाच असेल तर ती उठायच्या पंधरा मिनिटं आधी काढून घे आणि दोघांसाठी खायला मांड. बहुतेक भांडणं भुकेची असतात, अशी माझी समजूत आहे.

तीनच्या खाण्याला आंबील कर. नाचणीचं पीठ दोन मोठे चमचे, अर्धी वाटी पाण्यात रात्री कालवून झाकून ठेव. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात हे कालवण धार धरून ओत आणि सात-आठ मिनिटं ढवळत शिजव. कोरडं पीठ थेट गरम पाण्यात टाकलंस तर गुठळ्या होतात, त्या नंतर मोडत नाहीत. पूर्ण निवल्यावरच ताक, मीठ आणि भरडलेलं जिरं घाल. गरमात घातलेलं ताक फुटतं. थोरल्याचं आंबील दाट असू दे, धाकटीचं पेल्यातून पिता येईल इतकं पातळ. पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर एक वाटी असेल तर गूळ दीड वाटी, कैरी फार आंबट असेल तर दोन. वेलदोडा, चिमटीभर मीठ. हा अर्क फ्रिजमध्ये चार दिवस राहतो; एका भागाला चार भाग पाणी घालून द्यायचं. उसाचा रस समोर काढलेला, बिनबर्फाचा. रस्त्यावरचं कापलेलं कलिंगड नको, अख्खं आणून घरी काप.

आंबे तासभर पाण्यात ठेव आणि देठाकडचा चीक काढून टाक. आंब्यानं तोंड उठतं म्हणतात ते बऱ्याचदा या चिकानं. द्राक्षं धाकटीला उभी चिरूनच द्यायची. शेंगदाणे, फुटाणे, अख्खं जांभूळ तिला अजून दोन-तीन वर्षं नको. थोरला खातोय म्हणून तीही मागेल. तिच्या वाटीत शेंगदाण्याचं कूट-गूळ घाल. घामोळ्यांवर पावडरीचे थर देऊ नकोस. साध्या पाण्यानं दोनदा अंघोळ, सैल सुती कपडा, आणि नखं कापलेली. गळवं होतात ती आंब्याच्या उष्णतेनं नव्हे, घामोळी खाजवून नखातले जंतू आत गेल्यानं.

उन्हाळ्यात घराला खरा धोका उन्हाचा जितका, तितकाच चटणीचा. वर्षाची कांदा-लसूण चटणी याच दिवसांत होते, आणि ब्याडगी-संकेश्वरी मिरच्या गच्चीवर वाळत पडल्या की पोरं तिथं जाणारच. देठ खुडायचं काम मोठ्यांचं, तेही पोरं झोपलेली असताना. कांडपाला डंकावर नेताना धाकटीला अजिबात बरोबर नेऊ नकोस, तिथली धूळ मोठ्यांनाही खोकवते. भाजताना खिडक्या उघड्या, पोरं शेजारी किंवा खालच्या मजल्यावर. मिरचीला लागलेले हात नुसत्या पाण्यानं धुवून भागत नाही; तिखट पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आधी खोबरेल चोळायचं, मग भांड्याच्या साबणानं दोनदा धुवायचं. तरीही त्या दिवशी धाकटीचं तोंड, डोळे पुसायला दुसऱ्या माणसाचे हात असावेत. तिच्या डोळ्यात गेलंच तर चोळू द्यायचं नाही. मान बाजूला कलवून स्वच्छ पाण्याची सावकाश धार पंधरा मिनिटं सोडायची. घड्याळ लावून, कारण रडणाऱ्या पोरासमोर दोन मिनिटंही पंधरा वाटतात. डोळ्यात तेल, तूप काही घालायचं नाही. नंतरही डोळा उघडत नसेल तर डॉक्टर. तोंड भाजलं असेल तर पाण्यानं आग पसरते, गार दूध किंवा दही दे. चटणीचा दिवस ठरला की आदल्या दिवशी फोन कर, धाकटीला माझ्याकडं आणून सोड.

थोरल्याला मात्र वाळवणात घे, मिरची सोडून. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं. ते काम त्याला दे. चीक शिजला की दूध-साखर घालून दोघांनाही वाटीभर. गच्चीवर सकाळी सातला कुरडया घालायला घ्या आणि नऊला खाली या. कावळे हाकलायला त्याला काठी आणि टोपी दे, पायात चप्पल हवीच. दहानंतर स्लॅबवर अनवाणी पाय ठेवला की फोड येतो.

पाण्याचं वेगळं सांगते, कारण इथं चूक परवडत नाही. थोरल्याला पोहायला शिकवायचं हे योग्य वय आहे. शिकवणारा माणूस स्वतः पाण्यात, पोराच्या हाताच्या अंतरावर असेल असाच तलाव निवड. पाठीला बांधलेला डबा किंवा हातातल्या हवेच्या पट्ट्या शिकायला ठीक, राखणीला नाहीत. पंचगंगेच्या घाटावर पायऱ्यांना शेवाळ असतं आणि पायरी संपते तिथं पाणी एकदम खोल होतं. काठावरून हात धरून नदी दाखव, उतरवू नकोस. आणि तू थोरल्याला तलावावर सोडायला गेलास की घरी धाकटीच्या वाटेला बादली येते. दोन वर्षांचं मूल डोक्याकडून जड असतं, बादलीत वाकलं की त्याला उलटं सरळ होता येत नाही, आणि चार बोटं पाणीही पुरतं. आवाज होत नाही. वापरून झालेली बादली उपडी, मोरीचं दार कडी लावून, पिंपावर घट्ट झाकण. हे शेजारच्यांनाही सांग.

पन्हाळ्याला एकदा न्या. सुमारे वीस किलोमीटर आहे आणि शहरापेक्षा चारशे मीटर उंच, म्हणजे साधारण अडीच अंश गार. सहाला निघा, दहाला परत फिरा. घाटात थोरल्याला मळमळतं असं सूनबाई म्हणाल्या. निघण्यापूर्वी दूध देऊ नका, कोरडी बिस्किटं द्या आणि त्याला समोर बघायला लावा. थोरल्याला अंधारबाव, तीन दरवाजा आणि अंबरखान्याचे धान्यकोठार दाखवायला एका सकाळी वेळ पुरतो. सज्जाकोठीला धाकटी कडेवरच. एका मोठ्या माणसाला दोन पोरं तिथं सांभाळता येत नाहीत, म्हणून सूनबाईंच्या सुट्टीच्या दिवशीच जा. चैत्रातल्या यात्रेच्या गर्दीत जोतिबाला लहान पोरांना नेऊ नये, हे माझं ठाम मत. आणि कुठंही थांबलात तरी बंद गाडीत पोर एक मिनिटही ठेवायचं नाही. उन्हातली गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते.

जुलाब लागले तर ओआरएसचं पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अंदाजे अर्धं पाकीट पेल्यात घालणं ही नेहमीची चूक. मीठ जास्त झालं तर ते अपाय करतं. पाकीट नसेल तर एक लिटरला साखर सहा सपाट लहान चमचे आणि मीठ अर्धा सपाट लहान चमचा. प्रत्येक जुलाबानंतर धाकटीला आणि थोरल्यालाही शंभर ते दोनशे मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं. कालवलेलं चोवीस तासांनी ओतून टाक. डब्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

ऊन लागून अंग फार तापलं, पोर बरळायला लागलं किंवा गुंगीत गेलं तर तापाच्या गोळीची वाट बघू नकोस. तिचा इथं उपयोग नाही. कपडे काढ, अंगावर पाणी ओत, पंखा लाव, १०८ ला फोन कर आणि सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं रुग्णालय गाठ. गुंगीतल्या पोराच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

वळवाच्या दिवसांत चारनंतर आभाळाकडं लक्ष ठेव. गडगडाट ऐकू आला की थोरला आंब्याखाली कैऱ्या वेचायला पळणार, नेमकं तेव्हाच त्याला घरात घ्यायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडू नकोस. वीज गेली तर काय करायचं हे दोघांना आधी दाखवून ठेव: विजेरी कुठं आहे ते थोरल्याला, आणि धाकटीला तुझ्याजवळ बसायची जागा.

शाळेचं. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून थोरल्याची झोप रोज पंधरा मिनिटं अलीकडं आण, आठ-दहा दिवसांत तो जुन्या वेळेवर येतो. धाकटीचं काहीही बदलू नकोस. थोरल्याची बुटं आत्ताच पायात घालून बघ. अंगठ्यापुढं अर्धा इंच जागा नसेल तर नवी घ्यावी लागतील, आणि तीही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. सुट्टी संपता संपता महाद्वार रोडला गर्दी होते, त्याआधी जाऊन ये.

तुझी,
मावशी