जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरचा फ्रिज थंड व्हायला फार वेळ घेतोय. बदलावा का?

तुम्ही लिहिलंय की डॅलसमध्ये सेकंडहँड ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतला, सकाळी फ्रिज विजेवर लावला, संध्याकाळपर्यंत फ्रीझर बऱ्यापैकी गार झाला, पण खालचा कप्पा ५८ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरेना. दुरुस्तीवाला म्हणतो नवीन घ्या, आणि पुढच्या महिन्यात येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जायचंय. एवढ्यावरून मी तरी एक डॉलर खर्च करणार नाही.

फ्रिजच्या पॅनलवर वीज आणि गॅस असे दोन्ही पर्याय असतील, तर तो अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज आहे. त्यात कॉम्प्रेसर नसतो, पंप नसतो. मागे खाली एक बॉयलर तापतो आणि त्या उष्णतेवर अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांमधून फिरत राहतात. १९२२ साली स्टॉकहोममधल्या बाल्ट्झार फॉन प्लॅटन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली ही युक्ती आजही जवळपास तशीच चालते. मुद्दा असा की हे यंत्र मुळातच संथ आहे. पूर्ण गार व्हायला १२ ते २४ तास सहज लागतात, त्यामुळे सकाळ ते संध्याकाळ ही परीक्षाच अपुरी. आदल्या दिवशी रिकामा लावायचा, दुसऱ्या दिवशी घरच्या फ्रिजमध्ये गार केलेल्या वस्तू भरायच्या. आपल्याकडे निघायच्या सकाळी केलेल्या भाजीचे कोमट डबे आत कोंबायची सवय असते. हा फ्रिज ते झेपवत नाही.

आता खरी तपासणी. पाण्याचा ग्लास खालच्या कप्प्यात ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवा आणि एक पूर्ण दिवस फक्त विजेवर चालवा. मग बंद करून, सगळं नेहमीच्या तापमानाला आलं की एक पूर्ण दिवस फक्त गॅसवर. हवेचं तापमान दार उघडताक्षणी बदलतं, पाण्याचं नाही. पाणी ४० अंशांच्या खाली गेलं तर उत्तम. दोन्ही आकडे लिहून ठेवा, पुढचं निदान त्यावरच होतं.

गॅसवर नीट पण विजेवर ढिला असेल, तर हीटिंग एलिमेंटकडे बघा. त्यावर वॅट लिहिलेले असतात. वीज पूर्ण काढून एलिमेंटच्या वायरी सोडवायच्या आणि मल्टिमीटर लावायचा. १४,४०० ला वॅटने भागलं की १२० व्होल्टच्या एलिमेंटचे ओहम येतात. ३२५ वॅटला साधारण ४४. मीटर काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट जळालाय. हा भाग स्वस्तात मिळतो.

उलटं असेल, म्हणजे विजेवर नीट पण गॅसवर ढिला, तर बाहेरची जाळीदार झडप काढून ज्योत बघा. निळी, ताठ आणि हलका घूं आवाज करणारी हवी. पिवळी, लवलवती असेल तर बर्नरमध्ये चिमणीतला गंज पडलाय किंवा कोळ्याने जळमटं केलीत. जुन्या ट्रेलरमध्ये कोळी हमखास. गॅस बंद करा, गार होऊ द्या, ब्रशने साफ करा. बर्नरला गॅस सोडणाऱ्या जेटच्या भोकात तार किंवा टाचणी मात्र घालू नका, भोक मोठं होतं. जेट रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवा. चिमणीत तारेला लटकलेली पिळाची पत्ती जागेवर आहे ना तेही बघा. ती उष्णता बॉयलरपाशी धरून ठेवते. जोडल्यावर साबणाच्या पाण्याने गळती तपासायला विसरू नका.

दोन्हीवर ढिला असेल तर पाणसळ आधी काढा. आतला द्रव केवळ उतारावर वाहतो, म्हणून ट्रेलर तिरका उभा राहिला की तो अडकतो. तिरक्यात बराच काळ चालवलात तर बॉयलर जास्त तापून कायमचा तुंबतो. गाडी चालू असताना द्रव हलत राहतो, त्यामुळे तिथे एवढी भीती नाही. मग मागची हवा. छतावरच्या झडपेत पक्ष्याचं घरटं असेल तर गरम हवा बाहेर पडणार कुठून? बाजूच्या भिंतीतच दोन्ही झडपा असतील तर मागे १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवा, खूप फरक पडतो. पार्क करताना फ्रिजची बाजू दुपारच्या उन्हात ठेवू नका.

तुमचा फ्रीझर गार आणि खालचा कप्पा कोमट आहे, म्हणून मला जास्त संशय दाराच्या रबराचा येतो. डॉलरची नोट दारात धरून ओढा. चारही बाजूंनी अडकायला हवी. आतल्या पत्र्याच्या पात्यांवर चिमटलेला सेन्सर असेल तर तो थोडा वर सरकवला की अनेक मॉडेल्समध्ये गारवा वाढतो.

अमोनियाचा झणका आला किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली तर मात्र लगेच बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या. कूलिंग युनिट, म्हणजे मागचा बॉयलर-नळ्यांचा संच, गेलंय. वास नाही, पूडही नाही, पण तासन्‌तास चालवूनही बॉयलर चटका देणारा आणि वरच्या-खालच्या नळ्या थंडगार, तरी तेच निदान. तेव्हासुद्धा अख्खा फ्रिज घेण्याआधी फक्त कूलिंग युनिट बदलण्याचा भाव विचारा.

येलोस्टोनबद्दल एक. उद्यानाचा बराचसा भाग ७,००० फुटांच्या वर आहे आणि साधारण ५,५०० फुटांच्या पुढे हे फ्रिज गॅसवर मंदावतात, कधी ज्योतही विझते. वीजजोडणी उद्यानात फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये मिळते, तिथे जागा मिळते का बघा. नाहीच मिळाली तर दूध-मांसासाठी बर्फाची वेगळी पेटी न्या.