कंपनी बंद पडली आणि घरच्यांनी माझी वाटणी करून टाकली

पत्र (थोडं कापून):

ताई, मी डोंबिवलीला राहते, वय ५५ पूर्ण. ठाण्यात वागळे इस्टेटला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये २९ वर्षं नोकरी केली. यंदा कंपनीने प्रॉडक्शन गुजरातला हलवलं, इथलं युनिट बंद आणि आम्हाला व्हीआरएसचा (स्वेच्छानिवृत्तीचा) फॉर्म, विचार करायला तीन आठवडे. घ्यावीच लागली. शेवटच्या दिवशी एचआरने आयकार्ड काढून घेतलं, पाकीट दिलं, गेटवर बॅग तपासली, झालं. आता दोन महिने होतील. व्हीआरएसचे १४ लाख आणि ग्रॅच्युइटीचे साडेसात लाख खात्यात आलेत, पीएफ साधारण २८ लाख आहे, तो काढलेला नाही. मिस्टर सरकारी ऑफिसात आहेत, पुढच्या वर्षी ५८ ला रिटायर होतील, त्यांना पेन्शन आहे. त्यामुळे घरात काही झालंय असं कोणालाच वाटत नाही. सासूबाई ८२ वर्षांच्या, त्यांना सांभाळायला येणारी बाई दुसऱ्याच आठवड्यात बंद केली, आता तू घरी आहेसच ना म्हणून. मुलाला कल्याणला फ्लॅट बुक करायचाय, तो २५ लाख मागतोय. सुनेला सातवा महिना आहे, बाळ मीच सांभाळणार हे ठरूनच गेलंय. शेजारणी म्हणतात सुटलीस बाई. मी दुपारी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. मिस्टर म्हणतात, पैसे मिळाले ना, मग रडतेस कशाला. ५५ व्या वर्षी परत नोकरी शोधणं वेडेपणा आहे का? आणि पैसे मुलाला द्यावेत का?

उत्तर:

अगं, आधी एक घाईचं काम सांगते आणि मग रडण्याबद्दल बोलू, कारण रडायला मुदत नाही आणि या कामाला आहे. पोस्टात आणि बँकेत सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम असते ती ६० च्या पुढच्यांसाठी असं सगळ्यांना वाटतं, पण ५५ पूर्ण झालेल्या आणि व्हीआरएस घेतलेल्या माणसालाही त्यात खातं उघडता येतं, फक्त रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत. आधी ही मुदत एकच महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये वाढवली. तुझे दोन महिने जात आलेत. सध्या व्याज ८.२ टक्के आहे (दर तिमाहीला सरकार ठरवतं, पण ज्या दिवशी खातं उघडशील त्या दिवशीचा दर पाच वर्षं तसाच राहतो), जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात, आणि तुझ्यासारख्यांना रिटायरमेंटचे जेवढे मिळाले तेवढ्यापर्यंतच. तू २० लाख ठेवलेस तर दर तीन महिन्यांनी ४१ हजार तुझ्या, तुझ्याच, खात्यात येतील. कंपनीकडून एक सर्टिफिकेट लागेल, कधीपासून कधीपर्यंत नोकरी केली, कशी सुटली, काय काय पैसे दिले ते लिहिलेलं. एचआरमध्ये अजून कोणी बसत असेल तर उद्याच जा. युनिट बंद झालं की तिथे फक्त वॉचमन उरतो आणि मग मुंबई ऑफिस, अहमदाबाद ऑफिस असे फोन फिरत राहतात.

ते सर्टिफिकेट घ्यायला जाशील तेव्हाच एक्स्पिरियन्स लेटरही नीट वाचून घे. "२९ वर्षे समाधानकारक काम केले" एवढंच लिहून देतात, ते काही कामाचं नाही. हुद्दा काय होता, कोणती मशिनं चालवलीस, कोणत्या टेस्ट केल्यास, एचपीएलसी (औषधातले घटक मोजणारं मशीन), डिसोल्यूशन (गोळी विरघळण्याची टेस्ट), स्टॅबिलिटी (औषध किती टिकतं ते), ऑडिटला उभी राहिलीस का, बॅच रिलीजच्या कागदांवर सह्या होत्या का, हे सगळं त्यात यायला हवं. का ते खाली सांगते.

आता नळ सोडून रडण्याबद्दल. नळ बंद करून रड. बाहेरच्या खोलीत बसून रड, लोकांना ऐकू येऊ दे. मला तुझ्या पत्रातली सगळ्यात वाईट गोष्ट ही वाटली की तुझी नोकरी गेली हे घरात कोणी मान्यच केलेलं नाही. हेच तुझ्या मिस्टरांच्या बाबतीत झालं असतं, ५५ व्या वर्षी ऑफिसला टाळं लागून ते घरी आले असते, तर नातेवाईक भेटायला आले असते, सगळे दबक्या आवाजात बोलले असते, सासूबाईंनी सत्यनारायण घातला असता. आणि कोणी त्यांना म्हणालं नसतं की बरं झालं, आता आईचं बघायला मोकळे झालात. बाईचा पगार २९ वर्षं घरात येत असला, त्याच्यावर मुलाचं इंजिनिअरिंग झालं असलं, तरी तो वरकड समजतात. हे माझं मत आहे आणि ते बदलावं असं मला अजून काही दिसलेलं नाही.

आणि नुसता पगार थोडाच गेलाय. डोंबिवली लोकलचा लेडीज डबा गेला, तिथल्या चौघीजणी गेल्या, दसऱ्याला डब्यात बांधायची तोरणं गेली, संक्रांतीचं वाण गेलं. आपल्यावाचून एक बॅच बाहेर पडत नव्हती हे गेलं. घरच्यांना यातलं काहीच माहीत नसतं, त्यांनी फक्त तुला सकाळी घाईघाईत डबे भरताना आणि रात्री दमून येताना बघितलंय, त्यामुळे त्यांना खरंच वाटतं की कटकट संपली. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून एका दिवसात ७८ हजारांवर माणसं व्हीआरएस घेऊन घरी आली, त्यातल्या कितीतरी बायका तुझ्याच वयाच्या असणार, आपल्या लोकलच्या लाइनवरच्याही. ओळखीत कोणी असेल तर तिला जाऊन विचार पहिले सहा महिने कसे गेले. ती तुला "पैसे मिळाले ना" असं म्हणणार नाही.

सासूबाईंची बाई या आठवड्यात परत बोलव. यात चर्चेला काही नाहीये. ती बाई तुझ्या पगारातून जात होती का मिस्टरांच्या, ते तू लिहिलं नाहीस, पण आई त्यांची आहे, त्यांचा पगार अजून चालू आहे, तर पुढचे पैसे त्यांनी द्यावेत. ८२ वर्षांच्या माणसाला उठवणं, आंघोळ, औषधं हे एक पूर्ण नोकरीचं काम आहे, आणि एकदा तुझ्या अंगवळणी पडलं की मग तू इंटरव्ह्यूला म्हणून कुठे गेलीस तरी "मग आईंचं कोण बघणार" हा प्रश्न येणार. भांडण होईल. होऊ दे. तीन महिन्यांनी होईल ते याच्यापेक्षा मोठं होईल.

बाळाचं मात्र मला इतकं घाईचं वाटत नाही, कारण तो प्रश्न अजून आलेलाच नाही. सुनेला सातवा आहे, पहिलटकरीण, बहुतेक माहेरी जाईल, ती नोकरी करत असेल तर २०१७ पासून २६ आठवडे पगारी रजा आहे, म्हणजे बाळ कोणाकडे ठेवायचं हे खरं तर पुढच्या सात-आठ महिन्यांनंतरचं. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसांना पाळणाघराची सोय करणं कायद्याने लागतं, तिच्या ऑफिसात आहे का ते मुलाने विचारावं. तू आजी होणार आहेस त्याचा आनंद कर, नातवाला खेळव, पण सकाळी आठ ते संध्याकाळी सात ड्युटी आत्ताच कबूल करून बसू नकोस. "तेव्हा बघू" एवढंच म्हण, आणि हसून म्हण, त्यात वाकडं वाटण्यासारखं काही नाही.

आता फ्लॅट. तुझा हिशेब मी मांडते. १४ आणि साडेसात मिळून साडेएकवीस लाख. व्हीआरएसचे ५ लाखांपर्यंत करमुक्त असतात, तेही आयुष्यात एकदाच, वरचे ९ लाख या वर्षीच्या उत्पन्नात धरले जातात, त्यात तुझा जेवढ्या महिन्यांचा पगार झाला तो मिळव, तर टॅक्स किती बसेल हे एखाद्या सीएला कंपनीचे कागद दाखवून आत्ताच विचार. ग्रॅच्युइटीला २० लाखांपर्यंत टॅक्स नाही. म्हणजे २० लाख पोस्टात टाकून दीडेक लाख टॅक्स आणि घरखर्चासाठी बाजूला राहतात. मग मुलाला २५ द्यायचे तर कुठून? पीएफमधून. आणि पीएफ २८ आहे. म्हणजे तो मागतोय ते जवळजवळ तुझं सगळं पीएफ, हे त्याच्या तरी लक्षात आलंय का? मला नाही वाटत. मुलं वाईट नसतात, त्यांना आकडा एकत्र दिसतो, आईकडे ५० लाख आलेत एवढंच दिसतं.

पीएफला आत्ता हातच लावू नकोस. ५५ नंतर नोकरी सुटली तरी तीन वर्षं त्यावर व्याज मिळत राहतं, २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता (नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर टॅक्स लागतो, ते सीएला सांग). पीएफच्या पोर्टलवर तुझी एग्झिटची, म्हणजे नोकरी सुटल्याची, तारीख पडली का, तेवढं बघून ठेव. पेन्शनचंही तसंच, पीएफवाली पेन्शन ५८ ला पूर्ण मिळते, आधी घेतलीस तर दर वर्षामागे ४ टक्के कायमची कमी होते, तर थांब. आणि फार मोठी अपेक्षा ठेवू नकोस, ती १५ हजार पगार धरून मोजतात आणि २०१४ च्या आधीची वर्षं तर साडेसहा हजारावर, त्यामुळे तुझी साधारण साडेचार-पाच हजारांच्या घरात बसेल. आता कळलं ना "मिस्टरांना पेन्शन आहे" यात तुझं स्वतःचं किती कमी आहे ते?

मुलाला काय सांगायचं? माझ्या मते, द्यायचेच असतील तर वर्षभराने तुला झेपतील तेवढे दे, चार-पाच लाख, आणि ते परत मागायचे नाहीत असं मनाशी ठरवून दे. पंचवीस द्यायचाच आग्रह झाला तर अॅग्रीमेंटवर तुझं नाव घालायला सांग आणि त्याचा चेहरा बघ. बुकिंगच्या आधी महारेराचा नंबर टाकून प्रोजेक्टची पझेशनची तारीख त्यानेच बघून घ्यावी, त्याला काही तुझी गरज नाही. आणि नाही म्हणताना कारणं देऊ नकोस, कारण दिलंस की तो त्या कारणावर उपाय घेऊन येतो. "माझं पुढचं ठरेपर्यंत पैसे हलणार नाहीत" बास.

कंपनीचा मेडिक्लेम तुझ्या शेवटच्या दिवसाबरोबर संपला असणार. मिस्टरांच्या ऑफिसच्या भरवशावर राहू नकोस, ते स्वतः पुढच्या वर्षी बाहेर येतायत. स्वतःची पॉलिसी आत्ता घे, बीपी-थायरॉइड काही असेल तर फॉर्ममध्ये खरं लिही, आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणजे आज सुरू केलंस तर ५८ ला मोकळी. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या हप्त्यावरचा जीएसटीही गेलाय.

आणि आता तू शेवटी भीतभीत विचारलेलं, परत नोकरी. वेडेपणा अजिबात नाही. त्याच पगारावर, मोठ्या कंपनीत, पक्की नोकरी, हे होणं मात्र अवघड आहे, तिथे सीव्हीवर वय बघूनच बाजूला ठेवतात आणि सांगत नाहीत. पण तुझ्या लाइनमध्ये एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. औषध कारखान्यांसाठीचं शेड्यूल एम, म्हणजे औषधं कशी बनवायची त्याचे दर्जाचे नियम, सरकारने कडक केलं, लहान-मध्यम कंपन्यांना ते पाळायला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदत वाढवून दिली होती, ती संपली. अंबरनाथ, बदलापूर, तारापूर, नवी मुंबईच्या बाजूला किती लहान युनिटं आहेत, त्यांच्याकडे मशीन असतं पण एसओपी (कुठलं काम कसं करायचं त्याच्या लेखी पायऱ्या) लिहिणारं, जुनी रजिस्टरं लावणारं, ऑडिटर समोर बसला की न घाबरता उत्तर देणारं माणूस नसतं. तू एफडीए अप्रूव्ह्ड केमिस्ट, म्हणजे औषधं तपासायला एफडीएची मान्यता असलेली, होतीस का? असशील तर ते सीव्हीच्या पहिल्या ओळीत घाल, म्हणूनच ते लेटर नीट घे म्हटलं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, कन्सल्टंट म्हणून, असंच विचार, पूर्ण वेळ म्हणू नकोस. बाहेरच्या टेस्टिंग लॅबना विचार. बीएस्सीच्या पोरांना एचपीएलसी शिकवणारे क्लास निघालेत, तिथे विचार, कारण तिथे शिकवणाऱ्याने स्वतः मशीनचा कॉलम चोक झालेला बघितलेला असला तर पोरांचं नशीब.

कामं सहसा जाहिरातीतून मिळत नाहीत, जुन्या माणसांकडून मिळतात. तुमच्यातून आधी सोडून गेलेले, आता कुठे कुठे क्यूए (क्वालिटी) हेड झालेले, त्यांना फोन कर. आणि तुमच्या लॅबच्या बायकांना एकदा जेवायला जमव. निरोप समारंभ कोणी केला नाही ना तुमचा, पुढच्या वर्षी मिस्टरांचा होईल, शाल, श्रीफळ, भाषणं, आणि तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवशील, तर त्याच्या आधी तुमचा तुम्ही करून घ्या. घरी नको, घरी केलास तर स्वयंपाक तूच करशील. ठाण्यालाच एखाद्या हॉटेलात.

एक राहिलं. व्हीआरएस, ग्रॅच्युइटी, पीएफ सगळं लिहिलंस पण शिल्लक रजेच्या पैशांचं पत्रात कुठेच नाही. २९ वर्षांत तू रजा फारशी घेतली असशील असं वाटत नाही. फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा, कागद काढून बघ, त्यात ती ओळ आहे का, नसेल तर एचआरला मेल टाक आणि मेलच टाक, फोन नको. आणि बाई परत सुरू झाली का ते मला कळव.