'आवाज अभिनेता' की 'आवाज कलाकार'?

प्रश्न असा आहे: व्हिडिओ गेमचे संवाद जपानीतून इंग्रजीत आणणाऱ्या आणि त्याच गेममधल्या एका पात्रासाठी बोलणाऱ्या माणसाची ओळख 'व्हिडिओ गेम भाषांतरकार आणि आवाज अभिनेता' अशी लिहिली तर चालेल का?

अर्थ कळतो, पण माझा कान अडखळतो तो 'आवाज अभिनेता'पाशी. फारसी-संस्कृत जोड म्हणून नव्हे; असे जोडशब्द आपण सर्रास वापरतो. पण मराठीत हे काम क्रियापदानं सांगतात: 'अमक्या पात्राला आवाज दिला'. 'आवाज काढला' म्हटलं की ती नक्कल झाली, 'आवाज लावला' म्हटलं की गाणं. 'ध्वनिअभिनेता' मात्र नकोच. ध्वनी दार आपटल्याचाही असतो. नाट्यशास्त्रातला 'वाचिक अभिनय' हा शब्द नेमका आणि देखणा आहे, पण तो आंगिक (शरीराच्या हालचालींचा), आहार्य (वेशभूषेचा), सात्त्विक (मनोभावांचा) या अभिनयप्रकारांच्या सोबतीनं येतो. नुसत्या आवाजाच्या कामाला 'वाचिक अभिनेता' म्हटलं तर वाचकाला थांबून विचार करावा लागेल.

आता 'भाषांतरकार'. तो चूक नाहीच, पण इथे मी 'अनुवादक' निवडेन. 'अनु' म्हणजे मागून आणि 'वद्' म्हणजे बोलणं. दुसऱ्यानं म्हटलेलं त्याच्यामागून पुन्हा म्हणायचं, हा अर्थ त्या शब्दाच्या पोटातच आहे, आणि हा माणूस तर ते खरोखरच तोंडानं करतो!

गेममध्ये हे मागून बोलणं किती अवघड असतं पाहा. 'फायनल फँटसी टेन' (2001) हा 'फायनल फँटसी' या जपानी गेममालिकेतला पात्रांना आवाज असलेला पहिला मुख्य गेम. शेवटी त्याची नायिका युना म्हणते, 'आरिगातोऽ', म्हणजे 'धन्यवाद'. इंग्रजीत तिथे 'आय लव्ह यू' आलं. शब्दकोश उघडून बसलं तर ही चूक वाटेल. पण निरोपाच्या त्या क्षणी जपानी शब्दात जे भरलेलं आहे ते इंग्रजीतल्या कोरड्या आभारात मावलं नसतं. शिवाय पडद्यावरचे ओठ आधीच हललेले असतात, वाक्य तेवढ्या वेळातच बसवावं लागतं. वाक्य तोंडात घोळवून पाहणाराच हे करू शकतो, म्हणून एकाच माणसाकडे दोन्ही कामं असणं मला फार स्वाभाविक वाटतं. 'फायनल फँटसी फोर्टीन'चे इंग्रजी संवाद आणि गीतं लिहिणारे मायकेल-क्रिस्टोफर कोजी फॉक्स त्याच गेमच्या 'द प्रायमल्स' या बँडमध्ये गातातही.

तेव्हा वाक्यात लिहायचं असेल तर सरळ लिहा: 'या गेमचा अनुवाद त्यांनी केला आणि एका पात्राला आवाजही दिला.' नावापुढे ओळख म्हणून हवं असेल तर 'व्हिडिओ गेम अनुवादक व आवाज कलाकार'. 'कलाकार' स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो. अभिनेता की अभिनेत्री, हा प्रश्नच उरत नाही.