आजी म्हणते देवाने केलं, पुस्तक म्हणतं बिग बँग : वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात ताऱ्यांच्या वयाबद्दल लिहिलं होतं, पण त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त ताऱ्यांबद्दल नव्हतेच. सगळ्यांचं एकच, मग देवाचं काय? म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच. मी पंचवीसेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय आणि घरात रोज दिवाही लावते, त्यामुळे हे प्रश्न माझ्यासाठी परके नाहीत.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. गणपतीत आरती झाल्यावर आजी म्हणाल्या की हे सगळं त्यानेच निर्माण केलं, तर हा फटकन म्हणाला, "आजी तसं काही नसतं, बिग बँगने झालं सगळं." सासूबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. मी कुणाची बाजू घेऊ? (एक आई, डोंबिवली)

ताई, बाजू घेऊ नका, आधी मुलाला एक गोष्ट सांगा, कारण त्याला वाटतंय की बिग बँग म्हणजे देवाला घराबाहेर काढायची नोटीस, आणि ती कल्पना ज्याने मांडली तो माणूस स्वतः चर्चमधला पाद्री होता हे त्याला कुणी सांगितलेलं नसणार.

जॉर्ज लमेत्र हे त्याचं नाव, बेल्जियमचा. पहिल्या महायुद्धात सैनिक होता, मग १९२३ मध्ये पाद्री झाला आणि बरोबरीने गणित-भौतिकशास्त्रही करत राहिला. १९२७ मध्ये त्याने आइन्स्टाइनच्याच समीकरणांवरून दाखवलं की विश्व प्रसरण पावतंय. आइन्स्टाइनला ते अजिबात पटलं नाही, गणित ठीक आहे पण त्यातलं भौतिकशास्त्र भयंकर आहे असं काहीसं तोंडावर सांगितलं त्याला. तरी हा थांबला नाही. १९३१ मध्ये त्याने पुढचं पाऊल टाकलं, की विश्व पसरत असेल तर मागे मागे जात गेल्यावर सगळं एका ठिकाणी एकवटलेलं असणार, त्याला त्याने आदिम अणू म्हटलं. 'बिग बँग' हे नाव नंतरचं, ते १९४९ मध्ये बीबीसीच्या रेडिओवर फ्रेड हॉईल या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाने वापरलं, ज्याला ही थिअरी मान्यच नव्हती.

आता खरी गोष्ट पुढे आहे. १९५१ मध्ये त्या वेळचे पोप, बारावे पायस, यांनी भाषणात सांगितलं की बघा, विज्ञानानेच आता निर्मितीच्या क्षणाची साक्ष दिली. लमेत्र खूश व्हायला हवा होता ना? त्याच्याच धर्माचे सर्वोच्च गुरू त्याच्याच कामाचं कौतुक करतायत. पण तो अस्वस्थ झाला, त्याने पोपच्या विज्ञान सल्लागारापर्यंत आपलं म्हणणं पोचवलं, आणि पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो मुद्दा काढला नाही. लमेत्रचं म्हणणं असं की ही थिअरी धर्माच्या प्रश्नाच्या बाहेरची आहे, देव मानणाऱ्याला ती अडवत नाही आणि न मानणाऱ्यालाही अडवत नाही. मला हा माणूस फार मोठा वाटतो. श्रद्धा त्याची पक्की होती म्हणूनच तिला विज्ञानाच्या काठीचा आधार द्यायची गरज त्याला वाटली नाही, उद्या थिअरी बदलली तर श्रद्धा पण बदलायची का मग?

तर ताई, मुलाची माहिती बरोबरच आहे, तिला चूक म्हणू नका, आजींना बरं वाटावं म्हणून तर अजिबात नाही. फक्त आजी विश्वाचं वय सांगत नव्हत्या, त्या हात जोडून आभार मानत होत्या, एवढा फरक त्याला दाखवा. आणि ही पाद्रीबुवांची गोष्ट त्यानेच आजींजवळ बसून सांगू दे.

प्रश्न : उत्क्रांती कुणी डोळ्यांनी पाहिलीय का? माकडाचा माणूस होताना कुणीच पाहिला नाही. आणि झाला असेल तर माकडं अजून शिल्लक कशी? (कापूस उत्पादक शेतकरी, यवतमाळ)

दादा, हे तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला कारण उत्क्रांती तुम्ही पाहिलीय, तुमच्याच शेतात, आणि तिचं नुकसानही सोसलंय. गुलाबी बोंडअळी.

बीटी कापूस, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा, २००२ मध्ये आला तेव्हा अळी मरायची. पण लाखो अळ्यांमध्ये एखादीच्या अंगात जन्मतःच असा बदल असतो की बीटीचं विष तिला बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ही जगली, हिची पिल्लं झाली, त्यांनाही बाधेना. शेताच्या कडेने लावायला नॉन बीटीची छोटी पिशवी, तुम्ही रेफ्युजी म्हणता ती, दिली होती ती याचसाठी, की तिथे साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांचा या दांडग्या अळ्यांशी संकर व्हावा आणि ती ताकद पातळ व्हावी. बहुतेकांनी ती लावली नाही, वरून फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही झाडं तशीच उभी ठेवली, त्यामुळे अळीला वर्षभर खायला मिळालं. गुजरातमध्ये पहिल्या बीटीला न जुमानणारी अळी २०१० पर्यंत पक्की सापडली, मग दोन जीनवालं बीटी पण तिने पचवलं, आणि २०१७ ला विदर्भ-मराठवाड्यात डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, आणि किडकी बोंडं तुम्ही मोजलीतच. कुठल्याही अळीने ठरवून स्वतःला बदललं नाही. जी टिकली तिची पोरं टिकली, पंधरा वर्षांत अख्ख्या अळीचं बियाणंच बदललं. डार्विनने नैसर्गिक निवड म्हटलं ते हेच, वेगळं काही नाही.

माकडाचं म्हणाल तर आपण आजच्या माकडापासून झालेलो नाही. चुलतभाऊ असतो ना, तो आपला बाप नसतो पण आजोबा एक असतात, तसं. चिंपांझी आणि आपण यांचे समान पूर्वज साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी होते, तिथून दोन फांद्या झाल्या. चुलत्याचं घर अजून का आहे असं आपण विचारत नाही.

पुरावा हवा तर आवळा घ्या. शेळीला आवळा लागत नाही, क जीवनसत्त्व ती स्वतःच्या अंगात बनवते. आपल्याला बाहेरून खावं लागतं कारण ते बनवणारा आपला जीन मोडलेला आहे, आहे पण बंद पडलेला. चिंपांझीचा आणि माकडांचाही तोच जीन मोडलेला आहे आणि मोडल्याच्या खुणाही जुळतात. गिनीपिगचाही मोडलाय पण त्याची मोडतोड वेगळी, स्वतंत्रपणे झालेली. दोन मुलांच्या वहीत एकच चूक एकाच ओळीत सापडली की आम्हा शिक्षकांना कळतं की दोघांनी एकाच वहीतून उतरवलंय.

२०१८ मध्ये औरंगाबादला एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी अगदी तुमच्यासारखंच म्हटलं होतं, की माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं पूर्वजांनी कुठे लिहिलेलं नाही, म्हणून डार्विन चूक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. तुम्ही प्रश्न विचारलात ते योग्यच केलंत, पण मंत्र्यांनी उत्तर न शोधता पुस्तकातून धडा काढायची भाषा केली, त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं.

प्रश्न : दशावतार म्हणजेच उत्क्रांती ना? मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, मग पूर्ण माणूस. आपल्या ऋषींना हे आधीच माहीत होतं असं मी मुलांना सांगते. (बालसंस्कार वर्ग घेणाऱ्या ताई, सांगली)

हे साम्य जे.बी.एस. हाल्डेन यांनाही भावलं होतं आणि ते साधेसुधे नव्हते, उत्क्रांतीचं गणित बसवणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक, १९५७ मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले. त्यामुळे तुमची कल्पना वेडगळ आहे असं मी म्हणणार नाही. पण मुलांना 'म्हणजेच' असं सांगू नका हो.

दशावतारात तोच एक विष्णू भक्तांसाठी परत परत येतो, माशाला कासव होत नाही आणि कासवाला डुक्कर होत नाही. शिवाय ती शिडी आहे, वर वर चढत जाणारी, आणि उत्क्रांती वडाच्या झाडासारखी सगळीकडे पसरते, पारंब्या खाली पण येतात. व्हेल बघा. जमिनीवरचा चार पायांचा प्राणी परत पाण्यात गेला! शिडीवर हे बसतच नाही.

आणि व्हेलची ही गोष्ट आपल्याच देशातल्या दगडांनी सांगितली. जम्मू भागातल्या कालाकोटचे दगड रंगा राव नावाच्या भूशास्त्रज्ञांनी गोळा करून ठेवले होते, ते वारले, मग त्यांच्या पत्नीने ते दगड हान्स थेविसन या संशोधकाला दिले. त्यातल्या एका कवटीचा कानाजवळचा भाग काम करताना चुकून तुटला आणि आत जी हाडाची ठेवण दिसली ती तोवर फक्त व्हेलमध्येच माहीत होती. प्राणी केवढा, तर मांजराएवढा, सडपातळ पायांचा, साधारण ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याचं नाव इंडोह्यस. २००७ मध्ये हे जाहीर झालं. त्याच्या हाडांवरून दिसतं की तो पाण्यात वावरायचा. आणि आपल्या कच्छमध्ये त्याच्या नंतरचे, अजून पाय असलेले व्हेल सापडलेत. मत्स्यावताराची गोष्ट सांगा, जरूर सांगा, मनूच्या होडीची सांगा, आणि मग दुसऱ्या दिवशी कच्छच्या व्हेलची पण सांगा. दोन्ही सांगायला वेळ असतो.

प्रश्न : ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी. हा योगायोग कसा असेल? (एक वाचक, इंदूर)

आकडा जवळचा आहे खरा, आणि इतक्या प्रचंड काळाची कल्पना करायला कुणी धजावलं हेच मला थक्क करतं, युरोपात अशर नावाचे आर्चबिशप सतराव्या शतकातही सृष्टीची सुरुवात इसवी सनापूर्वी ४००४ अशी मोजत होते. पण आपल्या पूजेतला संकल्प आठवा. श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगचतुष्के. म्हणजे चौदापैकी सातवा मन्वंतर चालू आहे, दिवस अजून अर्धाही झालेला नाही. तो हिशोब केला तर या कल्पाची, म्हणजे ब्रह्मदेवाच्या या दिवसाची, झालेली वर्षं सुमारे १९७ कोटी येतात, ४५४ नाही. परंपरेचा स्वतःचा हिशोबच जुळत नाही म्हणतोय, आपण ओढून जुळवू नये.

प्रश्न : बिग बँगच्या आधी काय होतं? (निवृत्त शिक्षक, बेळगाव)

सर, आज विज्ञानाकडे याचं सिद्ध झालेलं उत्तर नाही, कल्पना बऱ्याच आहेत. १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय गरम आणि दाट होतं इथपर्यंत पक्कं आहे, कारण त्याची ऊब अजून शिल्लक आहे. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर जाईना, त्यांना वाटलं आत कबुतरं बसलीयत त्यांची घाण असेल, ती पण साफ केली, खरखर राहिलीच. ती त्या पहिल्या काळातली ऊब होती. जुन्या टीव्हीवर चॅनल नसताना मुंग्या दिसायच्या ना, त्यात थोडासा वाटा तिचाही असायचा. लमेत्रला ही बातमी आजारपणात कळली, त्यानंतर थोड्याच काळात ते गेले.

आणि आपल्या कोल्हापूरात जन्मलेले जयंत नारळीकर? ते हॉईलचे विद्यार्थी, बिग बँग त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही, १९९३ मध्ये सुद्धा हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर वेगळं मॉडेल मांडलं. पुरावा बिग बँगच्या बाजूने झुकत गेला आणि बहुतेक जग तिकडे गेलं, तरी त्यांचे पेपर छापले जात होते, त्यावर वाद होत होते, आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था त्यांनी पुण्यात उभी केली. कुणी त्यांना पाखंडी म्हणून बाहेर काढलं नाही. विश्वाला सुरुवात नाही असं म्हणणारी जैन परंपरा पण आपल्याकडेच आहे, तेव्हा सगळे धर्म निर्मिती मानतात हेही खरं नाही.

तुम्ही पत्रात ऋग्वेदातलं नासदीय सूक्त लिहून पाठवलंत. त्यात बिग बँग शोधू नका सर, त्यात त्याहून मोठं काहीतरी आहे. सात ऋचा, तेव्हा असत् नव्हतं आणि सत् ही नव्हतं अशी सुरुवात, आणि शेवट काय, की हे सगळं कुठून आलं ते परम आकाशातून पाहणारा जो आहे त्यालाच माहीत, किंवा त्यालाही माहीत नसेल. यदि वा न वेद. ज्या ऋषीने हे म्हटलं त्याला प्रश्न उघडा ठेवायची भीती वाटली नाही, मी हे वर्गात वाचायचे तेव्हा दर वर्षी अंगावर काटा यायचा.

प्रश्न : मी सीबीएसईत आहे. आमच्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांती नाहीच आहे. मग मी कुठे वाचू? (विद्यार्थिनी, नाशिक)

बाळा, २०२३ मध्ये अभ्यासाचा भार कमी करायचा म्हणून तो भाग काढला, १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सही करून विरोध केला होता. बारावीच्या बायोलॉजीत आहे, पण जो सायन्सला जाणारच नाही त्याला तो कधीच भेटणार नाही, आणि मला हे चुकीचं वाटतं. तू महाराष्ट्र बोर्डाचं दहावीचं विज्ञान भाग २ घे, पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतं, मराठीत पण आणि इंग्लिशमध्ये पण.

वाचून झालं की चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा नकाशावर शोध. तिथे डायनोसॉरच्या शेणाचे दगड झालेले सापडले आणि २००५ मध्ये त्यात गवताचे सूक्ष्म कण मिळाले, म्हणजे डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे तिथून कळलं, त्याआधी ते नव्हतं असंच समजत होते. आणि २८ फेब्रुवारीच्या सुमाराला नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला उघडतात, ४५ मीटरच्या ३० थाळ्या आहेत, घरच्यांना घेऊन जा. आजी असेल तर तिलाही ने.