नाशिक जिल्ह्याचा भूगोल: आधी डोंगर काढा

तालुक्यांची यादी घोकत बसू नका. कोऱ्या नकाशावर सह्याद्रीची उत्तर-दक्षिण धार काढा, मग तिच्यातून पूर्वेला फुटलेली सातमाळा. सातमाळेच्या दक्षिणेचं पाणी गोदावरीला, उत्तरेचं गिरणेला. पेठ-सुरगाण्याचं मात्र दमणगंगा आणि पार या नद्या अरबी समुद्राला नेतात. नवखे हमखास इथेच घसरतात, अख्खा जिल्हा गोदावरीच्या पदरात टाकून मोकळे होतात.

मग पाऊस भरा. इगतपुरीत ३,००० मिलिमीटरच्या पुढे, म्हणून भात-नागली (नाचणी). पर्जन्यछायेतल्या येवला-नांदगावला त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. निफाडची द्राक्षं आभाळावर नाही, कालवे-विहिरींवर जगतात. मालेगावचे यंत्रमाग मातीवरून उमगणार नाहीत, ते वेगळे वाचा.

आणि हो, साल्हेरचं शिखर (१,५६७ मीटर) बागलाण तालुक्यात. कळसूबाई नगरच्या (आता अहिल्यानगर) सीमेवर.