सांभाळाचा कायदा: वाचकांची पत्रं, आमची उत्तरं

या अंकासाठी विदर्भातल्या गावांतून आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची होती. म्हातारं, दिव्यांग किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणी सांभाळायचं आणि त्यात कायदा कुठवर साथ देतो? त्यांतली सहा इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. उत्तरांत वारंवार येणारा '2007 चा कायदा' म्हणजे आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007. त्यात ज्येष्ठ म्हणजे 60 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाची व्यक्ती. आई-वडिलांना मात्र वयाची अट नाही.

माझं वय 70. मालक गेल्यावर अडीच एकर वावर माझ्या नावावर आलं. चार वर्षांपूर्वी मुलानं 'पीककर्जाला सोपं जाते' म्हणून बक्षीसपत्र करून घेतलं. आता माझी चूल वेगळी आणि झोपायला गोठ्याजवळची खोली. वावर परत मिळेल का? वकिलाची फी मला झेपत नाही. (दर्यापूर तालुका, अमरावती)

आजी, या कामाला वकील लागत नाही. हा कायदा मुद्दाम तसाच केलेला आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करायचा, कारण निर्वाह न्यायाधिकरण त्यांच्याच अध्यक्षतेखाली चालतं. बोलायला सोबत कोणी हवं असेल, तर जिल्ह्याच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांनी तुमची बाजू मांडावी अशी मागणी तुम्ही कलम 18 खाली करू शकता.

एकाच अर्जात दोन मागण्या लिहा. पहिली, दरमहा चरितार्थाची रक्कम, म्हणजेच पोटगी. दुसरी, कलम 23 प्रमाणे बक्षीसपत्र रद्द करून जमिनीचा ताबा परत देण्याची. अर्जाला दुय्यम निबंधक कार्यालयातून काढलेली बक्षीसपत्राची नक्कल, आजचा सातबारा, बक्षीसपत्राआधीचा व नंतरचा फेरफार, आधार, बँक पासबुक आणि दवाखान्याचे कागद जोडा. निकालाला वेळ लागणार असेल तर तोवर अंतरिम रक्कम द्यावी, ही विनंतीही त्याच अर्जात करा. ती मागितली नाही तर बहुतेक वेळा मिळत नाही. मुलाला नोटीस बजावल्यापासून चरितार्थाच्या अर्जाचा निकाल 90 दिवसांत लागायला हवा. अपवाद म्हणून एकदाच 30 दिवस वाढवता येतात.

हे अर्ज पडतात कुठे, तर बक्षीसपत्राच्या मजकुरावर. गावाकडे दस्त लिहिणारे 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी बक्षीस देत आहे' एवढंच लिहून मोकळे होतात. कलम 23 लागू व्हायला मात्र 'सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं' हे दिसावं लागतं. सुदेश छिकारा प्रकरणात डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं की अट नसेल तर कलम 23 नाही. पुढे जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात याच न्यायालयानं आईच्या बाजूनं निकाल दिला. तिथे बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलानं वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं, ते धरलं गेलं. न्यायाधिकरण ताबा परत देण्याचा आदेश देऊ शकतं, हेही त्या निकालात आहे. म्हणून आधी तुमची नक्कल कोणाकडून तरी शब्दन् शब्द वाचून घ्या. त्यात 'सांभाळ', 'देखभाल', 'हयातभर' असं काही नसेल तर त्या काळातलं दुसरं काही शोधा: शंभराच्या मुद्रांकावरचा लेख, पंचासमोरची लिखापढी, मुलाचा फोनवरचा संदेश. काहीच हाती लागलं नाही, तर जमिनीची मागणी टिकणं कठीण आहे. पोटगीची मागणी मात्र तरीही पूर्ण टिकते, कारण पोटगी बक्षीसपत्रावर अवलंबून नाही.

अर्जाची पोच मिळाली की एक प्रत तलाठ्याला आणि एक दुय्यम निबंधकाला द्या, दोन्हीवर आवक शिक्का घ्या. मुलानं मधल्या काळात वावर विकायला काढलं तर घेणाऱ्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणणं अवघड जातं. ज्याला तुमच्या हक्काची कल्पना होती किंवा ज्यानं ते फुकट घेतलं, त्याच्याविरुद्धही चरितार्थाचा हक्क चालतो.

ज्यांनी अजून काही लिहून दिलेलं नाही, त्यांनी हे जरूर वाचा. पीककर्जासाठी मालकी सोडावी लागत नाही. 60 च्या वरच्या शेतकऱ्याला किसान क्रेडिट कार्डासाठी सहकर्जदार लागतो आणि तो वारस असला की काम होतं. जमीन मुलालाच द्यायची असेल तर मृत्युपत्र करा, ते केव्हाही बदलता येतं. तरीही बक्षीसपत्रच करायचं असेल, तर हे वाक्य दस्तात घातल्याशिवाय अंगठा लावू नका: 'घेणार यांनी देणार यांचे अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार व देखभाल हयातभर करावी या अटीवर हे बक्षीस दिले असून, त्यात कसूर झाल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील.'

मी आशा सेविका आहे. गावात 80 च्या पुढची एक मावशी एकटीच राहते. मूलबाळ नाही. वावर पुतण्या वाहतो, पण जेवणाचं कोणी पाहत नाही. ती तक्रार करायला तयार नाही, घाबरते. मी अर्ज करू शकते का? (चिमूर तालुका, चंद्रपूर)

करू शकता. ज्याला स्वतः अर्ज करणं शक्य नाही त्याच्या वतीनं, त्याच्या संमतीनं, दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते (कलम 5). मावशी अंगठा द्यायलाही घाबरत असेल, तर तिसरी वाट आहे: न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांना माहितीचं साधं पत्र पुरतं. घरात काय दिसलं ते तारखेसह लिहा: चूल पेटलेली नव्हती, वजन एवढं भरलं, रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या आहेत. 'फार हाल आहेत' असं मोघम लिहिलेलं पत्र फायलीत पडून राहतं. शक्य असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घ्या, म्हणजे गावात तुम्ही एकट्या पडणार नाही.

पुतण्यावर जबाबदारी येते. निपुत्रिक ज्येष्ठाची मालमत्ता ज्या सज्ञान नातेवाइकाच्या ताब्यात आहे किंवा जो तिचा वारस होणार आहे, त्यानं सांभाळ केला पाहिजे, असं कलम 4 सांगतं. वारस अनेक असतील तर ज्याच्या वाट्याला जेवढं येणार, त्या प्रमाणात. तातडीची मदत हवी असेल तर ज्येष्ठांसाठीचा 14567 हा फोन फुकट आहे.

माझे मिस्टर वारले. मामाजींना (सासऱ्यांना) लकवा मारून दोन वर्षं झाली, सगळं अंथरुणातच. दीर पुण्याला नोकरीला, दोन नणंदा दिल्या घरी. सर्व मीच करते, मजुरीलाही जाता येत नाही. मला कायद्यानं काही मिळू शकते का? (मेहकर तालुका, बुलढाणा)

ताई, या कायद्याचं सर्वांत मोठं भगदाड तुमच्या पत्रात आहे. 2007 च्या कायद्यानं मुलगा, मुलगी, नातू, नात यांना जबाबदार धरलं. सुनेचं नाव त्यात नाही, म्हणजे तुमच्यावर पोटगी बसत नाही. पण प्रत्यक्षात जी रात्रंदिवस करते तिची मजुरी, तिची विश्रांती, तिची कंबर यांचाही कायद्यात कुठे उल्लेख नाही. सांभाळणाऱ्याचा हक्क म्हणून आज तुम्हाला थेट मागता येईल असं काही नाही. हे अन्यायाचं आहे आणि बदललं पाहिजे.

तोवर अर्ज मामाजींच्या नावानं करा, दीर आणि दोन्ही नणंदा यांच्याविरुद्ध. दिल्या घरची मुलगीही कायद्यानं तितकीच जबाबदार आहे. दीर पुण्याला असले तरी तुम्हाला पुण्याला जावं लागत नाही, मामाजी राहतात तिथल्या उपविभागात अर्ज चालतो. रक्कम जास्तीत जास्त महिना 10,000 रुपये होऊ शकते.

किती मिळेल हे तुम्ही खर्च कसा मांडता यावर पुष्कळ ठरतं. 'महिन्याला खूप खर्च येतो' हे वाक्य नको. एक कागद घ्या आणि महिन्याचा हिशेब ओळीनं लिहा. डायपर दिवसाला तीन, म्हणजे महिन्याला 90. गोळ्या, चिठ्ठीसह. व्यायाम करून घेणाऱ्याच्या फेऱ्या. मूत्रनळी असेल तर ती बदलण्याचा खर्च. तालुक्याला न्यायचं तर गाडीभाडं. दूध, अंडी. आणि शेवटी देखभालीचे तास. लकव्याच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर कातडी लाल पडते आणि तिथेच जखम होते. दाबल्यावरही लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात समजा. तिथे चोळू नका, त्या अंगावर निजवू नका आणि आरोग्य केंद्रात दाखवा. हे काम पगारी माणसाकडून करून घेतलं तर तुमच्या भागात दिवसाची मजुरी किती, ते हिशेबात लिहा. दिराच्या पगाराचा पुरावा तुमच्याकडे नसेल तरी कंपनीचं नाव-पत्ता द्या. न्यायाधिकरणाला चौकशीत कागद मागवण्याचे अधिकार आहेत.

आदेश झाल्यावर पैसे आले नाहीत तर थांबू नका. थकलेल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज केला तरच वॉरंट निघतं. 'दिवाळीला येतील तेव्हा बोलू' म्हणून वर्षभर थांबणाऱ्यांची जुनी थकबाकी इथेच अडकते.

शिवाय लकव्यामुळे आलेल्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून काढा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 24 मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी देखभाल करणाऱ्याचा भत्ता योजनेत धरावा असं म्हटलं आहे. तुमच्यासारख्या घरांपर्यंत हा भत्ता पोचावा, ही मागणी तुमच्या आमदारांकडे लेखी करा. आणि एक लक्षात ठेवा: मामाजी मृत्युपत्र न करता गेले, तर तुमच्या पतीचा वाटा तुम्हाला व मुलांना मिळतो. तुम्हाला वगळून वारस फेरफार टाकला गेला तर नोटिशीच्या 15 दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत घ्या.

माझा भाऊ 34 वर्षांचा, जन्मापासून मतिमंद. आई-बाबा दोघंही गेले. बँक म्हणते पालकत्वाचा कागद आणा. कुठून आणायचा? (घाटंजी तालुका, यवतमाळ)

बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते. तिच्याकडे 'नमुना अ' मध्ये अर्ज करायचा. सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, भावाचा व तुमचा आधार, आई-बाबांचे मृत्यूचे दाखले आणि बाकी बहीण-भावांची लेखी संमती जोडायची. संमती नसली की अर्ज रखडतो, म्हणून ती आधी गोळा करा. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत भावाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब समितीला द्यावा लागतो. हे न केल्यास किंवा हेळसांड झाल्यास पालकत्व काढून घेतलं जातं.

आजार स्किझोफ्रेनियासारखा मानसिक असेल तर ही समिती कामाची नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 खाली नामनिर्देशित प्रतिनिधी असतो, पण त्याचा अधिकार उपचारांपुरता. पैसा-जमिनीसाठी न्यायालयात जावं लागतं. एकाच गावातल्या दोन घरांना दोन वेगळी दारं ठोठावावी लागतात आणि दुसऱ्या घराचा खर्च कितीतरी जास्त. सुधारणा हवी ती इथेही.

श्रावणबाळ योजनेचे पैसे अचानक बंद झाले. तहसीलमध्ये 'तुमचं चालू आहे' म्हणतात. (कुरखेडा तालुका, गडचिरोली)

पैसे बहुधा दुसऱ्या खात्यात जात आहेत. आधारवरून येणारी रक्कम, आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं त्यात पडते. मध्ये कोणी शिबिरात नवं खातं उघडून दिलं होतं का, ते पाहा. बँकेत आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे ते विचारा आणि हव्या त्या शाखेत जोडणीचा अर्ज द्या. हयातीचा दाखला वेळेवर दिला होता का, तेही तपासा. बोटांचे ठसे उमटत नसतील तर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची मागणी करा.

आमच्या ग्रामसभेत या विषयावर ठराव घ्यायचा आहे. कायद्यात नेमका कोणता बदल मागावा? (आर्वी तालुका, वर्धा)

डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक आलं होतं. 10,000 ची मर्यादा काढणं, सून-जावयांनाही जबाबदार धरणं, 80 वर्षांवरच्यांचे अर्ज 60 दिवसांत निकाली काढणं, प्रत्येक पोलीस ठाण्यात एक अधिकारी नेमणं असं त्यात होतं. ते मंजूर झालं नाही आणि 17 वी लोकसभा संपल्यावर बाद झालं. त्यातली मर्यादा व मुदतीची कलमं पुन्हा मागण्यासारखी आहेत. सुनेला जबाबदार धरण्याच्या कलमाला मात्र आमचा विरोध आहे. वरचं मेहकरचं पत्र वाचा. राबणाऱ्या बाईवर दंडाचं आणखी एक ओझं त्यातून आलं असतं.

मूळ दुखणं वेगळं आहे. आपला कायदा म्हाताऱ्या माणसानं पोटच्या पोराविरुद्ध तक्रार केल्यावर जागा होतो. गावात ती तक्रार करायला सहसा कोणी धजत नाही. इंग्लंडमध्ये विधी आयोगानं 2011 मध्ये अहवाल दिला आणि त्यातून 2014 चा देखभाल कायदा आला. तिथे प्रौढ माणसाला देखभालीची गरज असावी असं दिसलं, की स्थानिक प्रशासनानं स्वतःहून त्याच्या गरजांची पाहणी करायची. छळ किंवा हेळसांडीचा संशय आला तर चौकशी करायची. सांभाळणाऱ्याच्याही गरजा वेगळ्या मोजायच्या. तो कायदा निर्दोष नाही: देखभालीच्या खर्चाला कमाल मर्यादा त्यात लिहिली होती, पण पैशाअभावी ती कधीच लागू झाली नाही आणि 2024 मध्ये सोडून दिली. पण तक्रारीची वाट न बघता पाहणी करण्याचं बंधन प्रशासनावर टाकणं, हे आपण घ्यावं असं आम्हाला ठामपणे वाटतं.

ठरावात म्हणून तीन गोष्टी घाला. एकटे ज्येष्ठ, दिव्यांग आणि अंथरुणाला खिळलेले यांची नोंदवही ग्रामपंचायतीनं ठेवावी आणि तिमाहीतून एकदा आशा सेविका व ग्रामपंचायत अधिकारी यांनी घरी जाऊन नोंद करावी. याला कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील 5 टक्के निधीचा खर्च नावनिशी वाचून दाखवावा. या पैशातून हवेच्या गाद्या, चाकाच्या खुर्च्या, कमोडच्या खुर्च्या घेता येतील. तिसरी गोष्ट राज्य आणि केंद्राकडे मागायची. 2007 च्या कायद्यानं जिल्ह्याला किमान 150 निराधारांचा एक वृद्धाश्रम सुचवला, पण तो काढायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर सोडलं. ते बंधनकारक व्हावं आणि सांभाळणाऱ्याचा भत्ता कायद्यात यावा. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्या आणि गटविकास अधिकारी, जिल्हाधिकारी, आमदार व खासदार यांना स्पीड पोस्टानं पाठवा.